मेथीचा दाणा लाल होईपर्यंत

गॅस अजून पेटवू नका. ओट्यापाशी या आणि नुसतं उभं राहा.

समोर तयारी मांडलेली आहे. मीठ-हळद लावलेले चार बांगडे. वाटीभर खवलेला नारळ. सात-आठ ब्याडगी मिरच्या. चार आमसुलं. एका वाटीत चमचाभर उडदाची डाळ, दुसरीत तळसुद्धा झाकणार नाही इतकी थोडी मेथी. बशीत तिरफळं, आतल्या काळ्या बिया काढून टाकलेली. आणि ओट्याच्या कडेला एक कागद, त्यावर कुणाकडून तरी ऐकून घाईघाईत उतरवलेली उडदमेथीची कृती. तुम्ही ती याआधी कधी केलेली नाही.

एक श्वास घ्या. आता स्वतःच्या हाताकडे बघा. वरणाला मीठ किती लागतं ते या हाताला ठाऊक आहे. कणीक किती पाणी पिणार हे त्याला परातीत पीठ पडताच समजतं. वर्षानुवर्षं रोज केल्याने हातात बसलेला हा अंदाज. आज मात्र तो नाही. हात वाटीपर्यंत जातो, थबकतो, कागदाकडे वळतो. या अवघडलेपणातून लगेच बाहेर पडू नका. रोजच्या भाजीकडे आपण बघत नाही, हात परस्पर करून मोकळा होतो. जे येत नाही, त्याच्याकडेच आपण नीट बघतो.

मी घाटावरची. लहानपणी आमच्याकडे मासा यायचा तो नदीचा, आणि तोही क्वचित. मेथी म्हणजे पालेभाजी, नाहीतर लोणच्याच्या मसाल्यात पडणारे दाणे. उडीद आणि मेथी यांच्या जोरावर अख्खं कालवण उभं राहतं, आणि गोव्यात, सिंधुदुर्गात ते घरोघरी होतं, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. पहिल्यांदा केलं तेव्हा मेथी तेलात टाकून मी मिरच्यांची देठं काढत बसले. मागे वळून पाहिलं तेव्हा दाणे काळे पडले होते. तेच वाटले. कालवण इतकं कडू झालं की गूळ घालूनही सावरलं नाही, आणि ताजे बांगडे टाकून द्यावे लागले. ते मला अजून लागतं. समुद्रातून आलेला जीव आपल्या क्षणभराच्या दुर्लक्षाने वाया जावा, हे बरं नाही.

म्हणून आज आधी मेथीचाच एक दाणा तळहातावर घ्या. जवळ आणा. तो गोल नसतो, चौकोनी म्हणावा तर तसाही नसतो; एका अंगाला तिरकी खाच असते, जणू कुणी नखाने ओढली आहे. रंग हळदीच्या जुन्या डागासारखा. दाताखाली धरला तर दगड. थोडा वेळ तोंडात राहू द्या, मग हळूहळू कडूपणा उतरतो. हाच कडूपणा आपल्याला हवा आहे, पण मोजका.

आता गॅस पेटवा. लहान कढईत चमचाभर तेल, आच मंद. आधी उडदाची डाळ. तिला वेळ लागतो, लागू द्या. पांढरी डाळ कडेने पिवळसर व्हायला लागली, भाजक्या डाळीचा खमंग वास आला, की मेथी टाका. आणि आता दुसरं काहीही करू नका. फोन वाजला तर वाजू द्या. दाणे फुगतील, जरा तडतडतील. पिवळ्याचे सोनेरी होतील, सोनेऱ्याचे तांबूस. वासही बदलतो. आधी कच्चा, हिरवट, मग एकदम गोडसर. हा गोड वास आला आणि दाणा लालसर दिसला की कढई खाली. गॅस नुसता बंद करून चालत नाही, कढईची उष्णता दाण्याला पुढे नेत राहते. ताटलीत काढून घ्या.

मेथी टाकल्यापासून मिनिटभरसुद्धा झालं नसेल. पण दिवसभरातलं असं कोणतं मिनिट तुम्ही पूर्ण पाहिलं होतं?

मग वाटण. नारळ, मिरच्या, भाजलेलं उडीद-मेथी, थोडं पाणी. प्रमाण घराघरात वेगळं असतं. कुणी धणे घालतं, कुणी थोडे तांदूळ, कुणी उडीद-मेथी वाटतच नाही, फोडणीत अख्खीच ठेवतं. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तक १९७० साली आलं, आणि वाटी-चमच्याच्या मापांनी त्याने कितीतरी नवख्या हातांना धीर दिला. मापाचा मला फार आदर आहे. ज्याला शिकवायला घरात कुणी नाही, त्याच्यासाठी माप म्हणजे धरायला बोट. पण मेथी लाल कधी झाली हे कोणत्याही चमच्यात मावत नाही. तिथे तुमचे डोळे आणि तुमचं नाकच लागतं.

वाटण पातेल्यात घ्या, बेताचं पाणी घाला, उकळी येऊ द्या. तिरफळं पाण्यात जराशी ठेचून घाला. वाटू नका. एक साल जिभेच्या टोकावर ठेवून बघा. आधी लिंबाच्या सालीसारखा वास, मग जिभेला बारीक मुंग्या. चिनी स्वयंपाकातली जीभ बधिर करणारी ती प्रसिद्ध मिरी तिरफळाची जवळची नातलग. बांगडा, तारली अशा तेलकट माशांच्या उग्र वासाला तिरफळ आवरतं.

आता माशाकडे या. सकाळी बाजारात तो घेतला तेव्हाचं आठवा. कोळीण मावशींनी वाट्यातला एक बांगडा उचलून कल्ला उघडून दाखवला होता. आत लालभडक. “बघ ताई, डोळा बघ.” डोळा स्वच्छ, फुगीर. बोटाने दाबलं तर खड्डा राहिला नाही. तुम्ही पाहिलंत, पण मागे रांग होती, पिशवी सांभाळायची होती. आता सावकाश बघा. पाठीवर निळसर हिरवी झाक आणि खाली चांदी. वरून पाहणाऱ्याला पाण्यासारखी दिसणारी पाठ, खालून पाहणाऱ्याला उजेडासारखं दिसणारं पोट. समुद्रात लपायला मिळालेला हा रंग आज तुमच्या ताटलीत उघडा पडला आहे.

त्याला हळूच पातेल्यात सोडा. आमसुलं घाला. आणि आता डाव खाली ठेवा. माशाचं मांस थराथरांचं असतं, आणि थर जोडणारे पडदे थोड्याशा उष्णतेत विरघळतात. डाव घातला की मासा फुटतो. ढवळावंसं वाटलं तर पातेलं दोन फडक्यांनी धरून अलगद गोल हलवा. पाच-सात मिनिटं. मासा आणखी वेळ मागत नाही. झाकण ठेवा, गॅस बंद करा, आणि निदान अर्धा तास त्याला त्याच्या रसात राहू द्या. गोव्यात दुसऱ्या दिवशी आटवलेली कालची कढी आवडीने खातात, ती का, ते या अर्ध्या तासात थोडं कळतं.

झाकणाखाली ते मुरत असताना तुम्ही खुर्ची ओढून बसा. समुद्राचाही एक असा थांबण्याचा काळ असतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. पावसाळा हा अनेक माशांचा विणीचा काळ. पुढे नारळी पौर्णिमेला कोळी बांधव दर्याला नारळ अर्पण करतात. त्या दिवसांत किनाऱ्यावरची स्वयंपाकघरं काही हात बांधून बसत नाहीत. सुकट, सोडे निघतात, टाकळा, फोडशी, कर्टोली येतात, नीरफणसाचे काप मासे तळावेत तसे तांदळाच्या पिठात नाहीतर रव्यात घोळवून तव्यावर पडतात. आणि हीच उडदमेथी, हाच भाजलेला मसाला, बांगड्याच्या जागी आंबाडे घालून होते.

आंबाडे हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी अंबाडीची जुडी घेऊन आले होते. आमच्याकडची अंबाडी म्हणजे ती आंबट पालेभाजी, कण्या घालून करायची. हे आंबाडे म्हणजे झाडाची फळं, हिरवी, छोट्या कैरीएवढीसुद्धा नाहीत, आतली बाठ धाग्याधाग्यांची. नावातली ही गल्लत मला आता प्रिय आहे. तिच्यामुळे एक फळ आयुष्यात आलं.

तेव्हा मनातल्या मनात येत्या सोमवारी, मासे न खाण्याच्या वारी, जा. ओट्यावर तीच वाटी, तीच मेथी. पण आता आमसुलं नकोत, फळालाच आंबटपणा आहे. गूळ हवा. आणि आता घाईही नको. भाजीला माशासारखं पाच मिनिटांत उरकता येत नाही. फळाची भिंत मऊ व्हायला उकळी हवी, वेळ हवा. डाळ शिजल्याशिवाय चिंच घालायची नाही हे आपण आईकडून ऐकलं, ते याचसाठी. आंबटात फोड लवकर मऊ होत नाही, आणि हे फळ तर स्वतःच आंबट. म्हणून आंबाडे आधी थोड्या पाण्यात शिजू द्या, डावाने हलकेच दाबा, साल चिरली की मग वाटण. इथे डाव चालतो. बांगड्यापाशी जो हात आवरला, तोच इथे दाब देतो. मसाला एक, पण त्यात पडणाऱ्या दोघांचा वेळ वेगळा.

अर्धा तास झाला असेल. उठा. झाकण काढा, पण लगेच वाढू नका. कडेने तेलाची तांबडी नक्षी आली आहे, ती बघा. भात वाढा, त्यावर कालवण, बाजूला एक बांगडा. पहिला घास बोलता बोलता खाऊ नका. नारळाचा गोडवा आधी येतो, मग मिरची, मग आमसूल, आणि घास गिळल्यावर, अगदी शेवटी, घशाच्या अलीकडे, मेथीचा तो कडूपणा, जेमतेम. त्याच्या मागोमाग तिरफळाच्या मुंग्या. त्या ओसरेपर्यंत दुसरा घास घेऊ नका.

मधला काटा अख्खा निघेल. तो ताटाच्या कडेला ठेवा. सोमवारी त्याच जागी, चोखून चोखून पांढरी झालेली, धागे सुटलेली आंबाड्याची बाठ असेल.