रानपिंगळ्याची सकाळ

घुबड म्हटलं की रात्र, असं आपण धरूनच चालतो. रानपिंगळा मात्र दिवसा वावरतो. मेळघाटात थंडीच्या सकाळी तो उघड्या फांदीवर ऊन खात बसतो आणि खाली पाचोळ्यात सरडा हलला की झेपावतो.

१८८४ नंतर हा पक्षी कुणालाच खात्रीने दिसला नव्हता. मधे माइनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने या पक्ष्याच्या चोरलेल्या नमुन्याला खोटी नोंद चिकटवली आणि पक्षी शोधणाऱ्यांची दिशाभूल केली. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी सापडला.

त्याचा फोटो काढायला जरूर जा. पण हिवाळा हा त्याच्या विणीचाही काळ. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवला, तर आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो शिकार सोडून धावत येतो. घरट्याच्या ढोलीसमोर गर्दी असली की भक्ष्य घेऊन आलेली जोडी आत शिरायला कचरते. म्हणून लांबूनच टिपा, फ्लॅश बंद ठेवा, ढोलीची जागा चारचौघांत सांगू नका. एखादी फांदी आड आली तर येऊ द्या, ती मोडू नका. तिच्याच आडोशाने तो तिथे बसलेला असतो.