नाय म्हणजे कुत्रा

इंग्रजी येणं आणि इंग्रजी येतं असा गावाचा समज असणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला वर्षानुवर्षं अभ्यास लागतो. दुसरीला बँकेतली कारकुनी पुरते. पैसे पाठवण्याच्या फॉर्मातला कुठला रकाना कशासाठी हे ज्याला सांगता येतं, त्याला शेक्सपिअर तोंडपाठ असणारच, अशी आमच्या तालुक्याच्या गावी लोकांची श्रद्धा आहे; आणि कुणाच्या श्रद्धेला धक्का लावू नये, असं मला लहानपणापासून शिकवलेलं आहे. त्यामुळे घरमालकीणबाई जेव्हा म्हणाल्या, "भाऊ, संध्याकाळचे तुमी रिकामेच रायता, आमच्या नातवाले थोडं इंग्लिश सांगत जा ना," तेव्हा मी मान डोलावली. भाडं वाढण्याचा महिना जवळ आला होता, हे त्यामागचं शैक्षणिक कारण.

यायचा होता एकटा नातू. तिसऱ्या दिवशी ओसरीवर नऊ पोरं होती. सगळी सहा ते आठ वर्षांची. फी म्हणून कधी काकडी, कधी सीताफळं, एकदा जिवंत कोंबडी. ती मी परत केली, कारण तिची नोंद कुठल्या खात्यात करावी हे मला बी.कॉम.ला शिकवलेलं नव्हतं.

आमचा गडचिरोली जिल्हा तसा वयाने लहान. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा निघाला. पण भाषांच्या बाबतीत मोठ्या कुटुंबातला आहे. माझ्या ओसरीवर एक दिवस मी पाण्याचा पेला दाखवला आणि विचारलं, "हे काय?" झाडीपट्टीतली पोरं म्हणाली, "पानी." सिरोंचाकडून बदलून आलेल्या शिक्षकांची मुलगी म्हणाली, "नीळ्ळु." मुलचेऱ्याकडचा बंगाली मुलगा म्हणाला, "जोल." दोन गोंड पोरं होती, ती म्हणाली, "एर." शाळेच्या पुस्तकात 'पाणी' लिहिलेलं होतं आणि मी 'वॉटर' शिकवायला बसलो होतो. एका पेल्यात इतक्या भाषा निघाल्यावर ते पाणी प्यायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

माझं स्वतःचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. त्या काळी महाराष्ट्रात तसाच रिवाज होता. २००० सालापासून सरकारने ते पहिलीपासून आणलं. म्हणजे ज्या वयात आम्ही विटी शोधत गटारात हात घालत होतो, त्या वयात आताची पोरं इग्लूची ओळख करून घेतात. मुळाक्षरांच्या चित्रमय पुस्तकात 'आय' आला की इग्लू, 'वाय' आला की याक आणि 'एक्स'ला झायलोफोन, हे तिघे कायमचे मानकरी. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा शेहेचाळीस-सत्तेचाळीसवर टेकलेला असताना बर्फाच्या घराबद्दल बोलणं हा खरं तर पोरांचा छळ आहे. एकाने विचारलंच, "सर, तिथं कूलर लागते का?" 'टी'ला मात्र टायगर निघाला आणि वर्गाचा कारभारच पालटला. ताडोबाचं राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झालं, पण वाघाने आपल्या हद्दीची फाइल कधी वाचलेली नाही. त्यामुळे इथल्या प्रत्येक घरात त्याचा एक किस्सा असतो. त्या दिवशी मी गप्प बसून ऐकत होतो आणि पोरं शिकवत होती.

अशाच एका संध्याकाळी 'डी' आला. मी कुत्र्याच्या चित्रावर बोट ठेवलं आणि त्या दोन गोंड पोरांपैकी धाकट्याला विचारलं, "हे काय आहे रे?"

तो म्हणाला, "नाय."

सगळी ओसरी खो खो हसली. "सर, त्याले कुत्राई येत नाही! नाय म्हन्ते!"

आता वाचकांना सांगायला हवं, की गोंडीत कुत्र्याला 'नाय'च म्हणतात. आमच्या शाखेतले शिपाई गोंड आहेत. मला नऊ वर्षं त्यांची संगत आहे, आणि चहाच्या वेळात त्यांनी माझ्या पदरात दोन-तीनशे शब्द टाकले आहेत. गोंडीत झाडाला 'मरा' म्हणतात. माशाला 'मीन' म्हणतात, तो मात्र राशीभविष्यामुळे आपल्या ओळखीचा. सांगायचा मुद्दा असा, की त्या पोराने अचूक उत्तर दिलं होतं. परीक्षकाला गोंडी येत नसती, तर अचूक उत्तराला भोपळा मिळाला असता. शिवाय चित्रातल्या झाडाला 'मरा' म्हणालं म्हणून उद्धटपणाबद्दल कान पिरगाळला गेला असता तो वेगळाच.

मी सगळ्यांसमोर सांगितलं की हा बरोबर आहे, आणि पाटीवर एकाखाली एक 'नाय', 'कुत्रा', 'डॉग' लिहिलं. हसणारे थांबले. पण तो पोरगा पुढचे चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी बोलला, तेव्हा आधी इतरांच्या ओठांकडे बघून मग बोलला. एका हास्याने त्याला एवढं शिकवलं होतं: आपल्याला जे येतं ते बोलून दाखवायचं नाही.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात घर करून आहे. पोराला नवी भाषा देताना त्याच्याकडून आपण काही काढून घेतो का? आणि घेत असू, तर तो हक्क आपल्याला दिला कुणी?

हसणाऱ्यांना दोष द्यावा, तर तेही हसण्याचा धडा कुठून तरी गिरवूनच आलेले असतात. मी झाडीपट्टीतला. आमच्या बोलीत 'ण' नाही, 'न'वर भागवतो. नागपूरला कॉमर्सला गेलो तेव्हा माझ्या 'पानी'ला पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत हशा मिळाला होता. जे हसले, त्यांच्या मराठीला पुण्यात नाक मुरडलं जातं. पुण्याचा माणूस मुंबईच्या मुलाखतीत इंग्रजी बोलताना घाम पुसतो. आणि मुंबईचा साहेब परदेशी फोनवर "पार्डन?" ऐकून खजील होतो. बँकेत कारकुनावर अधिकारी, त्याच्यावर व्यवस्थापक, त्याच्यावर विभागीय कार्यालय, अशी जी उतरंड असते, तीच भाषेत आहे. प्रत्येकजण वरून मिळालेला मेमो खाली पाठवतो. सगळ्यात खाली सहा वर्षांचं गोंड पोर असतं. त्याला मेमो पाठवायला खाली कुणी नाही, म्हणून ते गप्प बसतं.

हा प्रश्न मी शाखेत जेवणाच्या सुट्टीत काढला. आमचे एक अधिकारी कोरियन मालिका बघतात, म्हणजे त्यांच्या घरी बघतात आणि हे रिमोट मिळेपर्यंत तिथे बसतात. ते म्हणाले, "तुम्ही उगाच भावनिक होता. कोरियाकडे बघा. पोरांच्या इंग्रजीसाठी काय जीव टाकतात!"

गोष्ट खरी आहे. दक्षिण कोरियाने १९९७ साली इंग्रजी तिसरीपासून सुरू केलं. त्याच्याही आधी, १९९५ पासून, शाळांत शिकवायला तिथलं सरकार इंग्रजी बोलणाऱ्या देशांतून तरुण माणसं बोलावतं. २०१८ साली सरकारने पहिली-दुसरीच्या मुलांचे शाळेतले शाळेनंतरचे इंग्रजीचे वर्ग बंद केले, तर पालक इतके चिडले की २०१९ साली ते पुन्हा सुरू करावे लागले. पण त्या अधिकाऱ्यांच्या डब्यातली भेंडी संपेपर्यंत मी त्यांना दुसरी बाजू सांगितली. कोरियातलं पोर इंग्रजीच्या वर्गातून बाहेर पडतं, तेव्हा बस कोरियन बोलते, दवाखाना कोरियन बोलतो, न्यायाधीश कोरियन बोलतो आणि बँकेतला माझा भाऊबंदही कोरियनच बोलतो. तिथे इंग्रजी ही वरची ठेव आहे. मुद्दल सुखरूप आहे. मुद्दलाला हात लागला की काय होतं, तेही त्या देशाने पाहिलंय. १९१० ते १९४५ तिथे जपानी अंमल होता, आणि त्याच्या अखेरच्या वर्षांत शाळांतून कोरियन भाषाच हद्दपार केली होती. त्याच घरांनी एक परकी भाषा लादली गेली म्हणून सोसली आणि दुसरी हौसेने फी भरून घेतली. त्यांना फरक कळतो.

"मग काय, इंग्रजी शिकवूच नये?" अधिकाऱ्यांनी डबा बंद करत विचारलं.

छे. माझी स्वतःची मुलगी इंग्रजी शाळेत जाते आणि मला त्याचा बिलकूल पश्चात्ताप नाही. स्वतःच्या मुलीला इंग्रजी आणि दुसऱ्याच्या पोराला संस्कृतिरक्षण, असा दुहेरी व्याजदर आपल्याला जमणार नाही. त्या धाकट्या पोराच्या बापाला मी भीतभीत विचारलं होतं, की घरी त्याच्याशी गोंडी बोलता ना? तो म्हणाला, "ते तं त्याले येतेच साहेब. येते ते कशाले शिकवा लागते? कागद का गोंडीत येते?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कागद गोंडीत येत नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे जवळजवळ तीस लाख लोक निघाले, पण घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत ती नाही. अंगठा उठवताना समोर काय लिहिलंय हे न कळणं म्हणजे काय, ते त्या बापाला माहीत होतं. इंग्रजी त्याला शोभेसाठी नको होती. कुलपाची किल्ली म्हणून हवी होती.

पण किल्ली देताना घर गहाण टाकून घ्यायचं का? हे गहाण कसं असतं, ते मी आमच्याच काउंटरवर पाहिलंय. आतल्या भागातला एक तरुण, लहानपणापासून आश्रमशाळेत आणि मग शहराच्या वसतिगृहात वाढलेला, आता चांगल्या नोकरीत. इंग्रजी असं झकास, की आमचे व्यवस्थापकही खुर्चीत सरळ होऊन बसले. आजीचे श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला तिला घेऊन आला होता. म्हातारी त्याच्या दंडावरून हात फिरवत बराच वेळ काही तरी बोलत होती. त्याने शेवटी आमच्या शिपायांकडे पाहिलं आणि मराठीत विचारलं, "काका, काय म्हणते ती?"

शिपाई म्हणाले, "म्हणते, किती बारीक झालास. तिकडे जेवायला देत नाहीत का?"

तो हसला, आम्हीही हसलो. मग त्याने मान खाली घालून पैसे दोनदा मोजले. बँकेत माणूस पैसे दोनदा मोजतो ते हिशेब चुकेल म्हणून, असं मला तोवर वाटायचं.

दोष त्या तरुणाचा नाही, त्याला शिकवणाऱ्यांच्या हेतूचाही नसेल. दोष एका गैरसमजुतीचा आहे. ती अशी, की पोराचं डोकं म्हणजे आमच्या शाखेतला लॉकर. नवीन काही ठेवायचं तर जुनं बाहेर काढावं लागतं. १९७३ साली प्रकाश आणि मंदाकिनी आमटे हेमलकशाला गेले, तेव्हा रोग्याला काय होतंय हे समजायला आधी डॉक्टरांना माडिया शिकावी लागली. रोग्याची भाषा येत नाही म्हणून कुठला डॉक्टर त्याला नापास करत नाही. शाळेत मात्र मास्तरांना पोराची भाषा येत नसेल, तर नापास पोर होतं. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली. २०२२ साली शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली आणि प्रकरण नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. आता, भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं घटनेचं ३५०-अ हे कलम १९५६ पासून सांगतंच आहे. पण माझ्या अनुभवाप्रमाणे परिपत्रक जितकं जुनं, तितकं ते फाइलीच्या तळाशी.

बँकेच्या जुन्या कागदांत अठराच्या आतल्या खातेदाराला 'अज्ञान' म्हणतात, आणि त्याच्या वतीने सही करणाऱ्याला अ. पा. क., म्हणजे अज्ञान पालन करणारा. शब्द जुना असला तरी त्यातला नियम शहाणा आहे. अज्ञानाच्या खात्यात कुणीही पैसे भरावेत. काढायचे तर ते त्याच्याच भल्यासाठी, आणि एक दिवस त्याला हिशेब द्यावा लागेल या जाणिवेने. २०१४ पासून रिझर्व्ह बँकेने दहा वर्षांच्या पोरालाही स्वतःचं बचत खातं स्वतः चालवायची मुभा दिली आहे. भाषेच्या खात्यात मात्र आपण सहा वर्षांच्या पोराची सही न घेता त्याची आजी वजा करतो आणि पासबुकावर नोंदही करत नाही.

म्हणून ओसरीवर सध्या एकच नियम आहे. पाटीवर नवा शब्द आला की ज्याच्या घरी त्याला जे म्हणतात, ते शेजारी लिहायचं. वेळ जास्त लागतो, खडू जास्त लागतो, आणि अजून आम्ही 'एम'पर्यंतच पोचलो आहोत. घरमालकीणबाईंना हा वेग पसंत नाही. भाडं वाढलं आहे. पण तो धाकटा आता इतरांच्या ओठांकडे बघत नाही. उलट झाडाच्या चित्राची वाट बघत बसतो, कारण तो 'मरा' म्हणाला की बाकीचे आठ जण जागच्या जागी मरून पडतात, असा खेळच झाला आहे.

परवा त्याचा बाप सांगत होता, की पोराने घरी जाऊन आपल्या आजीला 'डॉग' शिकवला. म्हातारीने तो आनंदाने ठेवून घेतला, स्वतःचा शब्द न सोडता. आता दारात कुणी आलं की ती दोन्ही भाषांत ओरडते, "नाय! डॉग!" ज्याला फक्त मराठी आणि इंग्रजी येतं, त्याला वाटतं या घरात कुत्रा नाही. तो बिनधास्त आत शिरतो, आणि कुत्रा त्याची पोटरी धरतो.