पूर्वतयारी आणि अभय

‘मरण ज्या दिवशी लिहिले असेल त्या दिवशी येणारच, मग आधीपासून धावाधाव कशाला?’ हा प्रश्न आस्तिक कुटुंबांतून पुष्कळदा ऐकू येतो. दहशतवादी हल्ल्यांचा विषय निघाला म्हणजे तर तो हटकून पुढे येतो. कोणी त्यास गीतेचाही आधार देतात. आत्मा अमर आहे, ईश्वर रक्षणकर्ता आहे, तेव्हा संकटाची आगाऊ तजवीज करणे म्हणजे श्रद्धेची उणीव होय, असे त्यांचे म्हणणे. हे बोलणे वरवर भक्तीचे दिसते. परंतु त्यात भक्ती किती व आळस किती, हे तपासून पाहणे अवश्य आहे.

गीता कोणास सांगितली गेली, हे प्रथम ध्यानात घ्यावे. श्रीकृष्णाने अर्जुनास रणांगणावर धनुर्विद्या शिकविली नाही. ती त्याने बालवयातच द्रोणाचार्यांपाशी घेतली होती; आणि वनवासात, युद्धास अद्याप कित्येक वर्षांचा अवकाश असता, हिमालयात तप करून त्याने पाशुपतास्त्र मिळविले होते. मोह तेवढा उरला होता, तो भगवंतांनी दूर केला. हात सरावलेला नसता तर मोह जाऊनही गांडीव चालले नसते. महाभारतात भीष्मपर्वाच्या आधी उद्योगपर्व येते, आणि त्या एकाच पर्वात सैन्याची जुळवाजुळव व श्रीकृष्णाची शिष्टाई अशी दोन्ही कामे चालली आहेत. शांततेची इच्छा आणि सज्जता यांत व्यासांस विरोध दिसला नाही.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री पाकिस्तानातून समुद्रमार्गे आलेल्या दहा दहशतवाद्यांनी मुंबईवर हल्ला केला. 29 तारखेच्या सकाळपर्यंत तो चालला व 166 जणांचे प्राण गेले. त्या रात्री धैर्याची वाण नव्हती. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार चालू असता उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या खोलीतून उतारूंस बाहेर पडण्याच्या सूचना देत राहिले. कामा रुग्णालयात एका परिचारिकेने गर्भवती स्त्रियांस आतल्या लहानशा खोलीत नेऊन दिवे मालविले. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असता हल्लेखोराच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या, आणि त्यामुळेच एक हल्लेखोर जिवंत हाती लागला. 2009 साली त्यांस मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

परंतु या बलिदानापुढे मस्तक नमवून घरी जाणे सोपे आहे. ओंबळे यांच्या हाती लाठीच का होती, हा प्रश्न कठीण आहे. आणि धर्माचा प्रश्न तोच आहे. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो तेव्हा दिल्लीजवळ मानेसर येथे असत. ते मुंबईत पोहोचेपर्यंत सकाळ झाली. पुढे शासनाने नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलिसांच्या सरावातील व ठरलेल्या कार्यपद्धतीच्या पालनातील उणिवा दाखवून दिल्या. जे काम शांततेच्या काळात सरावाने व्हावयाचे, त्याची भरपाई त्या रात्री शूरांच्या प्राणांनी झाली. त्यानंतर 2009 मध्ये मुंबई, चेन्नई, कोलकाता व हैदराबाद येथे त्या दलाची केंद्रे उघडली आणि किनाऱ्याच्या रक्षणाची मुख्य जबाबदारी नौदलाकडे आली. हे आधी का सुचले नाही?

कारण सज्जतेचे फळ डोळ्यांस दिसत नाही. अग्निशामक दलाचा जवान वर्षानुवर्षे शिडी चढण्याचा सराव करतो, आणि ज्या दिवसासाठी तो करतो तो दिवस न उगवावा अशीच त्याची प्रार्थना असते. कसून केलेली तयारी पुष्कळदा काहीही न घडण्यात संपते. मग हिशेब पाहणारा तो खर्च व्यर्थ ठरवितो. फलाशा सोडून कर्म कसे करावे, याचा इतका रोकडा नमुना संसारात क्वचितच मिळेल. आणि जो संकटाची वाट ठरवून बसला आहे त्यास रोज भ्यावे लागत नाही. भय असते ते डोळे मिटून घेणाऱ्यास.

तथापि येथे एक घसरण आहे. त्या रात्री मोठमोठ्या पिशव्या घेऊन किनाऱ्यास उतरलेल्या अनोळखी तरुणांस कोळीवस्तीतील लोकांनी हटकले होते. ती जागरूकता होय. शेजाऱ्याच्या नावावरून वा वेषावरून त्याच्याकडे वाकड्या नजरेने पाहणे ही जागरूकता नव्हे, ते भयच होय. सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचा आरंभ अभयाने होतो, आणि त्याच मालिकेत भूतदयाही आहे. मृतांत हिंदूंप्रमाणेच मुसलमान, ख्रिस्ती व ज्यूही होते. आणि मारल्या गेलेल्या हल्लेखोरांस आपल्या कबरस्तानात जागा देण्यास मुंबईतील मुसलमान विश्वस्तांनी नकार दिला.

गृहस्थाकडे बंदूक नाही आणि त्याने ती घेऊही नये. रक्तस्राव दाबून कसा थांबवावा, बेवारस पिशवीस हात न लावता 112 वर कसे कळवावे, रुग्णवाहिकेस वाट कशी द्यावी, अफवा आपल्यापाशीच कशी थांबवावी, एवढे त्याने शिकावे व मुलांस शिकवावे. पुष्कळ इमारतींच्या जिन्यांत जुनी कपाटे व सायकली रचलेल्या असतात, आणि आगीच्या वेळी शिडीवाल्यांस त्याच वाटेने वर यावयाचे असते. तेथील रहिवासी सायंकाळी गीतापाठास जमत असतील, तर एके दिवशी पाठानंतरचा अर्धा तास त्यांनी ते सामान हलविण्यास द्यावा. रविवार त्यास सोयीचा.