तालीम रुंद करा

स्नेहसंमेलन जवळ आलं की शाळेतला संगीताचा तास तालमीत जातो. समूहगीत बसवायचं, लेझीम बसवायची, स्वागतगीत पाहुण्यांसमोर चुकता कामा नये. फेब्रुवारी २०२३ पासून परिपाठात राज्यगीतही आलं. मुलांना ते तोंडपाठ आहे. पण राजा बढ्यांच्या त्या शब्दांना श्रीनिवास खळ्यांनी चाल कशी बांधली, सम कुठे पडते, हे विचारा. वर्ग गप्प बसतो.

यावर ठरलेला उपाय म्हणजे तालीम कमी करा, माहिती वाढवा. फळ्यावर रागांची नावं, वाद्यांचे प्रकार, चाचणीला पाच गुण. मला तो पटत नाही. एका घोकंपट्टीच्या जागी दुसरी येते, एवढंच.

आमच्या अणदूर गावात तर तालमीला नावं ठेवणं अवघडच. इथला खंडोबा वर्षातले काही महिने अणदूरला, काही महिने नळदुर्गाजवळच्या मैलारपूरला असतो. खंडोबा ज्यांचं कुलदैवत, त्यांच्या घरी लग्नानंतर जागरण घालतात. ते जागरण गाणाऱ्या वाघ्याला मात्रा कुणी फळ्यावर शिकवल्या? मागे उभं राहून, झील ओढत ओढतच तो तयार झाला. त्याचं सगळं शिक्षण तालमीतलंच.

फरक तालमीच्या जातीत आहे. जागरणात गणापासून आरतीपर्यंत कितीतरी चाली येतात. आज झील धरणारा पोरगा उद्या दिमडी हातात घेतो. तुणतुण्याची तार उतरली की त्यालाच कानाने ती लावावी लागते. शाळेत मात्र महिनाभर एकच गाणं आणि ज्याला त्याला एकच काम. झांजवाला शेवटपर्यंत झांजच वाजवतो. बेसूर पोराला ‘तू नुसते ओठ हलव’ म्हणतात. सूर पेटी देते, लय स्पीकर सांभाळतो. पोरांच्या कानांना कामच उरत नाही.

म्हणून तास कापण्यापेक्षा तालीमच रुंद करावी. एखाद्या दिवशी पेटी बंद ठेवून षड्ज मुलांनाच धरू द्यावा. ढोलकी थांबवून गाणं नुसत्या टाळीवर न्यावं; सम चुकली तर कुठे, ते मुलांनीच सांगावं. झांजवाल्याने गावं, गाणारीने हलगी धरावी. गावातल्या वाघ्याला मानाने वर्गात बोलवावं आणि समूहगीताची चाल दिमडी-तुणतुण्यावर वाजवून बघावी. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाणं वर्गात आणलं, तेव्हाही वर्गातला प्रत्येक जण गवई होणार नव्हता. जाणता कान मात्र प्रत्येकाला मिळू शकतो.

याची किंमत आहे. संमेलनात गाणं थोडं कमी सफाईचं होईल, एखादा पालक नाक मुरडेल. मुख्याध्यापकांनी तेवढं सोसावं. मग महिन्याभराने त्याच मुलांना एक नवं गाणं द्यावं आणि सरांनी मध्ये पडू नये. मुलं ते आपलं आपण कितपत उभं करतात, त्यावरून तालीम कशी झाली ते कळेल.