खिडकीबाहेरचे झाड

१९८४ साली रॉजर उलरिक या संशोधकाने अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या नोंदी अभ्यासून निबंध प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकी निम्म्यांना खिडकीतून झाडे दिसत, उरलेल्यांना विटांची भिंत. झाडे पाहणाऱ्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. ते घरीही लवकर परतले.

निष्कर्ष आनंददायक खरा, तरी मन साशंक होते. झाड केवळ गुणकारी म्हणून हवे असेल, तर तितकाच गुण देणारी गोळी सापडताच आपण कुऱ्हाड उचलणार नाही काय?

वसईतील एका वृद्ध शेतकऱ्यांना मी दरमहा पवित्र कम्युनियन देण्यास जातो. त्यांची वाडी विकली गेली, बावखल बुजवले गेले आणि तेथेच उभ्या राहिलेल्या इमारतीत ते राहतात. खिडकीतून शेजाऱ्यांची नारळाची झाडे चांगली दिसतात. तरी त्यांना झोप नाही. मी एखादी कुंडी ठेवण्याचे सुचवले. (हल्ली आम्ही धर्मगुरूही असले सोपे उपाय सांगू लागलो आहोत.) ते हसले.

"फादर, कुंडीला तांब्याभर पाणी पुरते. वाडी शिंपायला मी पहाटे उठत असे. आता माझ्यावाचून कोणाचे अडते?"