हलणारी गाठ, न हलणारी गाठ

तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णाची मान डॉक्टर चाचपतात तेव्हा गाठ आहे की नाही, एवढंच पाहत नाहीत. बोटांखाली ती सरकते का, हेही पाहतात. सीटी आणि पेट स्कॅनच्या जमान्यातही ही चाचपणी सुटलेली नाही. मध्ये सुमारे तीस वर्षं मात्र, स्टेज ठरवताना, या सरकण्या-न सरकण्याला काही किंमत नव्हती.

जिभेचा, गालाचा, हिरडीचा कॅन्सर पसरला की सहसा आधी मानेतल्या लसग्रंथींत उतरतो आणि बराच काळ तिथेच मुक्काम करतो. क्लीव्हलंडच्या जॉर्ज क्राइल यांनी 1906 मध्ये 132 शस्त्रक्रियांचा अनुभव मांडला आणि सांगितलं, की गाठी एकेक वेचू नका. भोवतालच्या चरबीसकट सगळा थर एकसंध काढा. न्यूयॉर्कच्या हेज मार्टिन यांनी 1951 पर्यंत ही पद्धत प्रमाण म्हणून रुजवली. त्यात मानेतली मोठी शीर, मोठा स्नायू, खांदा उचलणारी नस, सगळंच जाई. रुग्ण जगला तरी खांदा पडलेला. अर्जेंटिनाचे ओस्वाल्दो सुआरेझ आणि इटलीचे एत्तोरे बोक्का यांनी पुढे हे अवयव राखूनही गाठी काढता येतात, हे दाखवून दिलं.

मोजमाप आलं ते फ्रान्समधून. पिएर दनुआ यांनी 1943 पासून टीएनएम पद्धत बांधायला घेतली: मूळ गाठीसाठी टी, लसग्रंथींसाठी एन, दूरच्या प्रसारासाठी एम. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संघटनेच्या सुरुवातीच्या टीएनएम नियमांत मानेची गाठ हलती आहे की घट्ट बसलेली, यावर एनचा आकडा ठरे. अमेरिकेतल्या कॅन्सर समितीला सेंटिमीटर अधिक भरवशाचे वाटले. तेही बरोबरच, एका डॉक्टरला जी गाठ हलते ती दुसऱ्याला हलत नाही, फूटपट्टी मात्र सगळ्यांची सारखीच. 1987 मध्ये दोन्ही वर्गीकरणं एक झाली आणि फूटपट्टी जिंकली. तीन सेंटिमीटरपर्यंतची एकच गाठ म्हणजे एन1, सहाच्या वरची म्हणजे एन3.

पण मानेतून काढलेला थर प्रयोगशाळेत गेला की वेगळंच दिसे. 1981 मध्ये पिट्सबर्गच्या जोनास जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी लक्ष वेधलं ते ग्रंथीच्या आवरणाकडे. कॅन्सर आवरणाच्या आत आहे की ते फोडून भोवतालच्या चरबीत गेला आहे, यावर रुग्णाचं भवितव्य बरंच अवलंबून होतं. आणि आवरण फुटायला गाठ मोठीच असावी लागते असंही नव्हतं. 2004 मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसलं, की शस्त्रक्रियेनंतर रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध देण्याचा खरा फायदा आवरण फुटलेल्यांना किंवा कापलेल्या कडेला कॅन्सर उरलेल्यांना होतो. म्हणजे उपचार आवरणावर ठरू लागले होते, आणि स्टेज अजून फूटपट्टीवरच!

ही विसंगती 2018 पासून लागू झालेल्या टीएनएमच्या आठव्या आवृत्तीने मिटवली. एकेक सेंटिमीटरच्या दोन गाठी, त्यातल्या एकीचं आवरण जेमतेम फुटलेलं: पूर्वी हे एन2बी होतं, आता पॅथॉलॉजीच्या हिशेबात थेट एन3बी. आणि तपासताना गाठ कातडीला किंवा स्नायूला चिकटलेली आढळली, तर तेही आवरण फुटल्याचं लक्षण धरलं जातं. दनुआच्या काळातली घट्ट गाठ अशी मागच्या दाराने परत आली. माझ्या मते त्या पिढीच्या बोटांना जे कळत होतं, ते सेंटिमीटरच्या शिस्तीपायी आपण मधल्या काळात गमावलं.

अर्थात बोटांना मर्यादा आहेतच. मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखाली झालेली चाचणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. तोंडाचा कॅन्सर लहान, मानेत गाठ लागत नाही, असे रुग्ण त्यात होते. मूळ शस्त्रक्रियेबरोबरच मानही साफ केलेल्यांपैकी 80 टक्के तीन वर्षांनी जिवंत होते. गाठ उमटेपर्यंत वाट पाहिलेल्यांपैकी 67.5 टक्के.

बोटांना न लागणारा कॅन्सरही मानेत असू शकतो, म्हणून अखेरचा शब्द पॅथॉलॉजिस्टचा. मानेतून काढलेल्या चरबीच्या तुकड्यातून ग्रंथी बोटांनी चाचपत शोधायच्या, कापायच्या, स्लाइड करायच्या. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचं कौतुक कोणी करत नाही. पण घाईत पाच-सहा ग्रंथी पाहून 'निरोगी' लिहिलं, तर त्या एन0 वर विसंबणं कठीण. मर्यादित शस्त्रक्रियेतही निदान दहा ग्रंथी मिळाव्यात अशी अपेक्षा असते.

एक उणीव अजून आहेच. आवरण शाबूत, सगळ्या गाठी एकाच बाजूला आणि सहा सेंटिमीटरच्या आत असतील, तर दोन बाधित ग्रंथी आणि वीस बाधित ग्रंथी एकाच एन2बीमध्ये बसतात. एचपीव्ही विषाणूमुळे होणाऱ्या घशाच्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रियेनंतर संख्या मोजतात, चारपर्यंत एन1, त्यापुढे एन2. तोंडाच्या कॅन्सरमध्ये मोजत नाहीत. संख्येचं वजन दाखवणारे अभ्यास समोर असताना हे मला पटत नाही.

तंबाखूने तोंडाचे कॅन्सर घरोघर पोचवलेल्या आपल्या मुलखात पॅथॉलॉजीचा हा रिपोर्ट बऱ्याच जणांच्या हाती येतो. तो फाइलमध्ये ठेवण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचारा: किती ग्रंथी तपासल्या, किती बाधित निघाल्या आणि एखादीचं आवरण फुटलेलं होतं का.