झांकलेलें शेत

थरच्या वाळवंटाच्या उत्तरेकडील भागांत, घग्गर नदीच्या कोरड्या पात्राकांठीं, कालीबंगा येथें १९६० ते १९६९ या काळांत उत्खनन झालें. तेथील मृत्पात्रें, मुद्रा, बांगड्या १९८३ सालीं स्थापन झालेल्या संग्रहालयांत पाहावयास मिळतात. परंतु ज्याच्यासाठीं जिज्ञासूनें एवढी धूळ खावी, तें मात्र दिसत नाहीं. इसवी सनापूर्वीं २८०० च्या सुमारास नांगरलेलें एक शेत येथें सांपडलें. एका दिशेचे तास जवळजवळ, त्यांस छेदणारे दूरदूर. आणि उत्खनन चालूं असतां आसपासचे शेतकरीहि तशाच आडव्याउभ्या तासांत कुळीथ व मोहरी पेरीत होते! पुढें तें प्राचीन शेत रक्षणार्थ पुन्हां मातीखालीं झांकण्यांत आलें.

यावर दुरून आलेला प्रवासी चिडतो. पण डोळ्यांनीं पाहणें हा आपला हक्क आहे काय? वाऱ्यानें आणि आपल्याच पावलांनीं जें नाहींसें होईल, तें अजून न जन्मलेल्यांसाठीं राखणें मला अधिक न्याय्य वाटतें. मात्र झांकणाऱ्यावर त्यामुळें एक ऋण चढतें. आपण त्याच्या शब्दावर विसंबतों. तो शब्द त्यानें वेळेवर द्यावयास हवा. त्या शेताच्या काळच्या वस्तीचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला २००३ सालीं, म्हणजे उत्खनन संपल्यावर ३४ वर्षांनीं. संक्षिप्त वृत्तें मध्यंतरीं निघालीं, हें खरें. तज्ज्ञांचें तेवढ्यावर भागलें असेल. पण ज्यांच्या पेरणीवरून त्या तासांचा अर्थ लागला, त्या शेतकऱ्यांपर्यंत त्यांतलें काय पोंचलें?